पित्तक्षारांच्या प्लेटवर कॉलनी आली म्हणजे म्युटेशनच? या चुका टाळा

पित्तक्षार (पित्तातले, जिवाणूंना मारू शकणारे घटक) मिसळलेल्या प्लेटवर जिवाणूंच्या चार कॉलन्या, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या की जर्नलमध्ये लगेच वाक्य येतं: 'जिवाणूंमध्ये म्युटेशन (डीएनएत कायमचा बदल) झाले.' प्रॅक्टिकल तपासताना दर वर्षी मी हेच विचारते, कशावरून?

आधी माध्यम बघा. मॅकॉन्की अगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात पित्तक्षार असतात, पण आतड्यातले नेहमीचे जिवाणू त्यात सहज वाढतात. तिथली वाढ हा जनुकीय बदलाचा पुरावा नाही.

पित्तक्षारांच्या मारक मात्रेतही घाई नको. सेव्हिल विद्यापीठातल्या जोसेप कासादेसुस यांच्या गटाने २०१२ मध्ये साल्मोनेला या आतड्याचे आजार घडवणाऱ्या जिवाणूवर हे नीट उलगडलं. आधी सौम्य मात्रा चाखलेलं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) मारक मात्रेतही तगलं, कारण ताणाला तोंड देणारी जनुकं जागी झाली होती. डीएनएचा मजकूर तोच. सवय नसलेलं कल्चर थेट मारक प्लेटवर पसरलं, तेव्हाही दहा लाख ते एक कोटी पेशींमागे साधारण एक तगली. त्यांतल्या काहीच कायमच्या बदललेल्या होत्या. लिपोपॉलिसॅकराइड (चरबी आणि साखरेचा मोठा रेणू) पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत अनेकदा बिघाड सापडला. बाकीच्या म्युटंट नव्हत्याच.

म्हणून कॉलनी उचलली की आधी साध्या अगरवर स्ट्रीक करून (रेघांनी पसरवून) सुटी करा. तिच्या आसपास न वाढलेल्या पण जिवंत पेशी दडलेल्या असू शकतात. मग पित्तक्षार नसलेल्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) तीन-चार वेळा वाढवा आणि मूळ कल्चरसोबत, त्याच दिवशी, पुन्हा मारक प्लेटवर टाका. गुण टिकला तर म्युटेशनचा संशय रास्त. शिक्का जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचल्यावरच.

'पित्ताने जिवाणूत बदल घडवला' हे वाक्यही तपासून लिहा. बदल आधीच होता का, हे लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांच्या १९४३ च्या फ्लक्चुएशन टेस्टने, म्हणजे वेगवेगळ्या नळ्यांतल्या कॉलन्यांच्या आकड्यांतली तफावत पाहून, कळतं. इथे एकाच फ्लास्कमधून दहा प्लेट्स भरण्याची चूक फार होते. त्या दहांचे आकडे जवळपास सारखेच येणार. दहा वेगळ्या नळ्या हव्यात, प्रत्येक मोजक्या पेशींपासून सुरू केलेली. एका नळीत शून्य आणि शेजारच्या नळीत शेकडो कॉलन्या आल्या, तर ती तगणारी पेशी पित्त पाहण्याआधीच जन्मली होती.

आणि हा गुण फुकट मिळतो असं धरू नका. २०११ मध्ये उंदरांच्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये दिसलं की पटलाने कमी झिरपू दिलं तर पित्त अडतं, पण अन्नही अडतं. भरपूर अन्नाच्या ब्रॉथमध्ये हा तोटा सहज नजरेतून सुटतो. म्युटंट आणि मूळ जिवाणू कमी साखरेच्या माध्यमात शेजारी-शेजारी वाढवून मोजा.