अ‍ॅरिझोनात चित्रणाची वेळ ठरवताना
मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अ‍ॅरिझोनात काम घेणाऱ्या स्वतंत्र छायाचित्रकाराने मोबाइलच्या आपोआप बदलणाऱ्या घड्याळावर विसंबू नये. राज्य उन्हाळी वेळ (या काळात घड्याळ तासभर पुढे नेणे) पाळत नाही, पण तेथील नावाहो नेशन, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश, ती पाळतो. त्यामुळे पेज गावात पहाटेचे 4 वाजतात तेव्हा नावाहो भूमीतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत 5 वाजलेले असतात, आणि पेजच्या वेळेने पोहोचणाऱ्याच्या हातून तिथल्या मिटन नावाच्या खडकाळ सुळक्यांमागचा सूर्योदय निसटतो. अँटिलोप कॅन्यनच्या फेऱ्या मात्र, ती घळ नावाहो भूमीत असूनही, पेजच्याच वेळेने निघतात. मोबाइलची वेळ फिनिक्सवर (अ‍ॅरिझोनाची राजधानी) पक्की करावी आणि वाटाड्याकडून भेटीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे लेखी घ्यावे. व्यावसायिक चित्रणासाठी नावाहो नेशनचा स्वतंत्र परवाना लागतो. तो ग्राहकाला तारीख देण्यापूर्वीच मिळवावा.