लग्नानंतर बदलणारी कागदपत्रे आणि हक्क: पहिल्या वर्षात काय करावे

लग्न झाल्यावर माणसाच्या सवयी आणि जबाबदाऱ्या बदलायला काही वर्षे लागतात, पण त्याचे कायदेशीर स्थान सातवे पाऊल पडते त्याच क्षणी बदललेले असते. आपल्या पश्चात कमाई कोणाकडे जाईल, पूर्वी भरलेला कोणता अर्ज आता रद्द धरला जाईल, मुलांच्या नावापुढे काय लागेल, यांतले बरेचसे त्याला न विचारताच ठरते. म्हणूनच पहिल्या वर्षातच नवरा-बायकोने एकत्र बसून या गोष्टी समजून घ्याव्यात. बस्ता आणि हॉल यांवर आपण महिनोन्महिने चर्चा करतो. त्या मानाने या कामाला दोन-तीन रविवार पुरतात.

आधी नोंदणी

महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार लग्नापासून ९० दिवसांच्या आत विवाह नोंदवायचा असतो. शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा नगरपरिषदेत आणि गावात ग्रामपंचायतीत नमुना ‘ड’ भरून द्यावा लागतो, तीन साक्षीदार लागतात आणि वधूवरांना स्वतः हजर राहावे लागते. मुदत उलटली तरी नोंद होते, फक्त जास्त शुल्क भरावे लागते. पण साक्षीदार गावोगाव पांगण्याआधी हे काम उरकलेले बरे. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे असेल, तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवसांचे वास्तव्य असावे लागते, हे तारीख ठरवण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

गोव्यात लग्न होणार असेल, तर खरा निर्णय लग्नाआधीच घ्यावा लागतो. तिथे वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांच्या मालमत्तेवर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क निर्माण होतो, आणि वेगळी व्यवस्था हवी असल्यास तसा करार लग्नापूर्वी करावा लागतो. नोंदणीही दोन टप्प्यांत होते. दुसऱ्या टप्प्यावरची सही राहू देऊ नये.

नाव बदलायचे की नाही

लग्नानंतर स्त्रीने नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. आपल्याकडे हा प्रश्न केवळ आडनावाचा नसतो, कारण वडिलांचे नाव जाऊन मधे नवऱ्याचे येते, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाते. या विधीने कागदावर काहीही बदलत नाही. मात्र सासरचे लोक एका नावाने हाक मारतात आणि पदवी प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाने असते, अशा दोन ओळखींत ती पुढे अनेक वर्षे वावरते.

खरी अडचण अर्धवट बदलाने होते. समजा, सुनीता शंकर जाधव लग्नानंतर सुनीता प्रकाश मोरे झाली. तिने आधारवर नवे नाव लावले, पॅन मात्र जुन्याच नावाने राहिले, बँकेच्या पासबुकावर ‘सुनीता पी. मोरे’ असे छापले गेले आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर अजून ‘जाधव’ आहे. नोकरी सोडताना ती पैसे काढायला जाते, तेव्हा नावात तफावत असल्याचे कारण देऊन अर्ज परत येतो, आणि मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यापासून सगळी धावपळ सुरू होते. म्हणून एकतर नाव अजिबात बदलू नये, किंवा बदलायचे ठरल्यास ते सगळीकडे आणि एकाच क्रमाने बदलावे: आधी विवाह प्रमाणपत्र, मग आधार, त्यानंतर पॅन, बँक, भविष्य निर्वाह निधी, पारपत्र आणि मतदार यादी. स्पेलिंगही प्रत्येक ठिकाणी अक्षर न अक्षर सारखेच ठेवावे. शाळा-महाविद्यालयाची जुनी प्रमाणपत्रे सहसा तशीच राहू दिली जातात. त्यांच्यासोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडली की बहुतेक ठिकाणी काम होते.

माझ्या मते हा निर्णय मुलीने स्वतः घ्यावा आणि तो लग्नापूर्वीच दोन्ही घरांना स्पष्ट सांगावा, कारण मांडवातल्या आग्रहापुढे भिडेखातर दिलेला होकार नंतर मागे घेणे फार जड जाते.

जुने नॉमिनेशन तपासावे

भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्न होताच अवैध ठरते आणि सदस्याने ते नव्याने करायचे असते. अनेकांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी आईचे नाव लिहिलेले असते आणि त्यानंतर तो विषय कधीच निघत नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज, बँकेतल्या मुदत ठेवी, विमा आणि म्युच्युअल फंड हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली असे मात्र समजू नये. बहुतेक ठिकाणी तिच्या हाती पैसे येतात ते कायदेशीर वारसांच्या वतीने. आईवडील आपल्यावर अवलंबून असतील, तर त्यांची तरतूद निव्वळ नॉमिनेशनवर न सोडता मृत्युपत्रात लिहावी.

स्त्रीने मृत्युपत्र करावे

याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा असतो. ते नसतील, तर नवऱ्याच्या वारसांचा आणि त्यानंतरच तिच्या आईवडिलांचा. म्हणजे अपत्य नसलेली विधवा स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेते आणि तिच्यानंतर तो कायद्याने तिला वाढवणाऱ्या आईकडे न जाता दिराकडे जाऊ शकतो. हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. साध्या कागदावर स्वच्छ शब्दांत मृत्युपत्र लिहावे आणि दोन साक्षीदारांसमोर सही करून त्या दोघांच्याही सह्या घ्याव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: लग्नापूर्वी केलेले त्यांचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, त्यामुळे ते पुन्हा करावे लागते.

लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे आणि त्यावर तिचीच मालकी असते. त्यांची वजनासह यादी आणि पावत्या तिने स्वतःजवळ ठेवाव्यात.

मूल झाल्यावर

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये; ते वर्षभरात विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो, म्हणून त्यातली प्रत्येक मात्रा तपासूनच तो ताब्यात घ्यावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लागू झाला आहे, तेव्हा आईचे नाव कोणते लिहायचे हेही आधीच ठरलेले असावे.

आईवडील गेल्यावर माहेरचा हक्क

लग्न झाले म्हणून मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर विवाहित मुलींनाही मिळाला, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही तेराव्याच्या आसपास हक्कसोड पत्राचा विषय निघतो आणि भावाचे मन मोडू नये म्हणून बहीण सही करते. सही करणे वा न करणे हा तिचा अधिकार आहे, पण दुःखाच्या दिवसांत ती करू नये. आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून सातबाऱ्यावर सर्वांची नावे लावून घ्यावीत, ज्यासाठी तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. हक्क सोडायचा की नाही, याचा विचार त्यानंतर शांतपणे करता येतो.

जोडीदार गेल्यावर

मृत्यूची नोंदही २१ दिवसांतच होते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन आणि गृहनिर्माण संस्था प्रत्येकी वेगळी प्रत मागतात. कागदांपलीकडचा बदल अधिक कठोर असतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आणि मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्यामागे बायकोच्या बाबतीत हे होऊ नये, असे ज्या नवऱ्याला वाटते, त्याने ते मनात न ठेवता मृत्युपत्राबरोबरच्या वेगळ्या चिठ्ठीत स्वहस्ताक्षरात लिहावे आणि भावाला व मोठ्या मुलाला ती आजच वाचायला द्यावी.