‘बेन-हर’ची रथशर्यत नीट पाहायची असेल तर

पहिलं काम रिमोटचं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘झूम’ चालू असेल तर तो बंद करा आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतील तेवढ्या येऊ द्या. माझ्याकडे सिनेमा बघायला येणाऱ्यांची पहिली तक्रार या पट्ट्यांचीच असते. पण १९५९ चा ‘बेन-हर’ हा रोमन काळातला हॉलिवूडपट ६५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित झाला आणि त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.७६ पट आहे. पडदा भरण्यासाठी ती कापली की काय होतं, ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या चौकोनी टीव्हीवर हा सिनेमा दोन्ही बाजूंनी छाटून आला होता. एका रथाला एका ओळीत चार घोडे जुंपलेले असतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मला अडीच-तीनच दिसत होते.

त्याच मेनूत ‘मोशन स्मूदिंग’ सापडेल. कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं. तेही बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. दोन चित्रांच्या मधली जास्तीची चित्रं टीव्ही स्वतःच्या मनाने तयार करून घालतो आणि मग रोमन रिंगण एखाद्या मालिकेच्या सेटसारखं दिसायला लागतं.

घरात लहान मुलं असतील तर सुरुवात ‘बेन-हर’ने करू नका, साडेतीन तास आहेत. आधीच्या रविवारी ‘द क्रिमझन पायरेट’ (१९५२) लावा. त्यातला बर्ट लँकेस्टर आणि त्याचा मुका साथीदार झालेला निक क्रॅव्हॅट हे खऱ्या आयुष्यात सर्कशीतले जोडीदार होते. कोलांट्या, झुलणं, उड्या, सगळं दोघं स्वतः करतात. माझी आठ वर्षांची भाची तो बघताना सोफ्यावरून उठून उभी राहिली होती. माणसाचं शरीर कॅमेऱ्यासमोर खरंच काय करू शकतं, ही नजर एकदा बसली की मग रथ लावायचे.

शर्यत साधारण नऊ मिनिटांची आहे. पहिल्यांदा नुसती बघा, काही सांगू नका, मध्ये थांबवू नका. फक्त आवाज नेहमीपेक्षा वाढवा. शर्यतीआधी रथांची मिरवणूक निघते तेव्हा मिक्लोश रोझाचं संगीत दणदणत असतं. शर्यत सुरू झाली की संगीत नाहीच. टापा, चाकं, चाबूक आणि लोकांचा आरडाओरडा, बस्स. मला आजही त्या क्षणी पोटात गोळा येतो.

दुसऱ्यांदा बघताना रिंगणावर लक्ष ठेवा. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत १८ एकरांवर ते उभं केलं होतं. मधोमध प्रचंड पुतळ्यांचा लांब चौथरा आहे, त्याच्या दोन टोकांना वळसा घालायचा. खरी कसोटी वळणावरच लागते, म्हणून बहुतेक घात तिथेच होतात. प्रत्येक फेरी संपली की ओळीतला एक धातूचा डॉल्फिन खाली कलतो. तो हिशोब मुलांकडे सोपवा. नायक बेन-हरचे घोडे पांढरे, त्याचा वैरी मेसालाचे काळे, त्यामुळे धुरळ्यातही गोंधळ होत नाही. रंगांची ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

सिनेमाचा दिग्दर्शक विल्यम वायलर, पण ही शर्यत अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनटने घडवली. याकिमा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला स्टंटमन. ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) धावत्या घोड्यांमधून घोडागाडीखाली जाणारा माणूस तोच. बेन-हर झालेला चार्ल्टन हेस्टन आणि मेसाला झालेला स्टीफन बॉइड दोघंही रथ हाकायला शिकले होते, त्यामुळे कित्येक ठिकाणी लगाम खरोखर त्यांच्याच हातात आहेत.

आणि आता ती उडी. वाटेत मोडक्या रथांचा ढीग येतो आणि बेन-हरचा रथ त्यावरून उडतो. तिथे हेस्टनऐवजी याकिमाचा मुलगा जो आहे. धक्का इतका बसला की तो रथाच्या पुढच्या कठड्यावरून उलटा पुढे फेकला गेला. असं होणं ठरलेलं नव्हतं. हनुवटी फुटण्यावर निभावलं. तो तुकडा त्यांनी सिनेमात ठेवला आणि पुढे हेस्टन जवळून दिसेल असा, चढून परत रथात येतानाचा शॉट जोडला. इथे पॉज करा. एकदा मागे जा, हळू चालवा. लांबून दिसणारा आणि जवळून दिसणारा माणूस वेगळा आहे हे भाचीनेच मला दाखवलं, मी सांगायच्या आधी.

मुलं घोड्यांबद्दल विचारतात. त्यांना खरं उत्तर द्या. जुन्या हॉलिवूडने घोड्यांवर अन्याय केलाय. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये पायात तारा अडकवून घोडे पाडले, त्यात अनेक मेले. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये एका घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटलं, तोही गेला. लोक चिडले, तेव्हा कुठे १९४० पासून प्राणी-कल्याण संस्थेची देखरेख सुरू झाली. असे सिनेमे मी मुलांना लावत नाही. ‘बेन-हर’मध्ये घोड्यांवर जीव टाकणारा अरब शेख आहे. त्याचं काम वेल्सच्या ह्यू ग्रिफिथने चेहरा सावळा रंगवून केलं आणि त्याला ऑस्करही मिळालं. अरब माणसासाठी अरब नट का नाही घेतला, हा प्रश्न भाचीने विचारला. तो टाळू नका, सिनेमा थांबवून बोला.

घोडे आणि चाबूक यांनी दमला असाल तर पुढच्या वेळी ‘स्कारामूश’ (१९५२) काढा. नाट्यगृहातली शेवटची तलवारबाजी बघताना तलवारीकडे न बघता पायांकडे बघा. कोण मागे सरकतोय ते पायच आधी सांगतात.

शर्यत पुन्हा पाहायची असेल तर सुरुवातीपासून लावायची गरज नाही. सिनेमात मध्यंतराची पाटी आहे. शर्यत त्यानंतर येते, तिथून पुढे सरकवा.