रिकामी डिस्कही वीज खाते

फाइली पुसल्या की वीजबिल उतरेल, असं बऱ्याच कार्यालयांत धरून चालतात. तसं होत नाही. 7,200 आरपीएमची (मिनिटाला 7,200 फेरे घेणारी) हार्ड डिस्क भरलेली असो की रिकामी, ती फिरतच राहते. बिल उतरतं ते अख्खं शेल्फ, म्हणजे अनेक डिस्क बसवलेली पेटी, बंद झाल्यावर. म्हणून किती टीबी पुसले ते मोजत बसू नका. कोणतं शेल्फ रिकामं करायचं ते आधी ठरवा.

रॅकच्या पीडीयूवर (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) त्या शेल्फच्या वीजवापराची आठवडाभराची सरासरी बघा. समजा, 12 डिस्कचं शेल्फ 150 वॅट घेतं आणि ती उष्णता काढायला एसीचे 50 लागतात. 200 वॅट वर्षभर म्हणजे 1,752 युनिट. 12 रुपये दराने 21,024 रुपये. तुमच्या बिलातला दर घालून हिशोब करा.

जुना डेटा शोधताना फाइल शेवटची कधी उघडली या तारखेवर जाऊ नका. विंडोजमध्ये ती नोंद बऱ्याचदा बंद असते, आणि चालू असली तर अँटिव्हायरसच्या फेरीनेही बदलू शकते. शेवटच्या बदलाची तारीख घ्या, फोल्डरवार यादी काढा, विभागप्रमुखाची सही घ्या. हिशोबाची पुस्तकं कंपनी कायदा 2013 प्रमाणे 8 आर्थिक वर्षं ठेवावीच लागतात.

जुना डेटा हलवायला एलटीओ-9 टेप (डेटा साठवायची चुंबकीय फीत) चांगली: एका कार्ट्रिजमध्ये कॉम्प्रेशनशिवाय 18 टीबी, आणि कपाटातली टेप वीज घेत नाही. कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिच्याशी जुळवून घेतो. साधारण 40 मिनिटं, कधी दोन तासही. ड्राइव्ह अडकला समजून लोक तेवढ्यात टेप बाहेर काढतात. काढू नका. दोन प्रती करा, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडा आणि शंभरेक फाइली परत आणून प्रत्यक्ष उघडा.

पुसूनही जागा सुटली नाही, तर बहुधा जुने स्नॅपशॉट (स्टोरेजने जपलेली डेटाची त्या-त्या वेळची स्थिती) ती जागा धरून बसलेले असतात. टेप तपासून झाल्यावरच ते काढा.

आता उरलेला डेटा एका शेल्फवर आणा. पूल (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) दोन शेल्फवर पसरलेला असेल तर नुसती एकाची वीज तोडल्यास सगळा पूल बंद पडू शकतो. स्टोरेजमध्ये शेल्फ रिकामं करायची सोय नसेल तर वेगळा पूल बनवून कॉपी करा. वर्षानुवर्षं फिरलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच असं नाही. परत चालू करू, या भरवशावर बंद करू नका.