अमेरिकेतल्या कॉलेजचं एड लेटर: मदत किती, कर्ज किती?

एड लेटर (कॉलेज किती आर्थिक मदत देणार हे सांगणारं पत्र) आलं की पेन घ्या आणि प्रत्येक रकमेपुढे 'फुकट', 'कमवायचे' किंवा 'फेडायचे' असं लिहा. कॉलेजं हे तिन्ही एकाच बेरजेत घालतात, आणि घोळ तिथेच होतो.

समजा वर्षाचा खर्च 60,000 डॉलर. पत्रात ग्रँट 22,000, कॉलेजची स्कॉलरशिप 8,000, वर्क-स्टडी (काम करून कमवायचे) 2,500, सबसिडाइज्ड लोन 3,500 आणि अनसबसिडाइज्ड लोन 2,000. खाली ठळक अक्षरांत: 'उरलेले 22,000'. पण फुकट फक्त 30,000 आहेत, म्हणजे घरचा खरा भार 30,000. दोन कॉलेजांची तुलना याच आकड्यावर करा.

वर्क-स्टडीचे पैसे फीमधून वजा होत नाहीत. कॅम्पसवर काम शोधायचं, तासांप्रमाणे पगार घ्यायचा; काम मिळालं नाही तर ते 2,500 कागदावरच राहतात. सबसिडाइज्ड लोनवर शिकत असताना सरकार व्याज भरतं. अनसबसिडाइज्डवर मात्र पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चढतं. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी दोन्ही मिळून जास्तीत जास्त 5,500, त्यात सबसिडाइज्ड 3,500 पर्यंत. पत्रात पॅरेंट प्लस दिसलं तर ते कर्ज आई-वडिलांच्या नावावर असतं. त्याला मदत म्हणणं म्हणजे थट्टाच.

या सगळ्याचं मूळ फाफ्सा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या (फेडरल) मदतीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये. मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर पालक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी चालतं. एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलाला मात्र फेडरल मदत मिळत नाही. त्याने कॉलेजच्या स्वतःच्या निधीबद्दल थेट विचारावं. फाफ्सा भरायला मुलाचं आणि पालकाचं ऑनलाइन खातं वेगवेगळं काढा. कर-माहिती घ्यायला पालकाने संमती दिली नाही, तर फॉर्म जाऊनही फेडरल मदत अडते.

मालमत्तेच्या रकान्यात 401(के) या निवृत्ती खात्याची शिल्लक आणि राहत्या घराची किंमत लिहायची नसते. बरेच जण प्रामाणिकपणे लिहून बसतात, आणि मदत विनाकारण घटते. काही खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्मही मागतात. तिथे घराबद्दल विचारतात.

फॉर्ममध्ये उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात: 2026-27 साठी 2024 चं. मधल्या काळात नोकरी गेली असेल तर एड ऑफिसला फेरविचाराची विनंती करा. सोबत कंपनीचं काढल्याचं पत्र आणि सध्याच्या मिळकतीचा पुरावा जोडा. नुसतं 'परवडत नाही' म्हणून काही हलत नाही.

बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर ती कळवावी लागते, आणि काही कॉलेजं तेवढीच स्वतःची ग्रँट कापतात. 'कर्ज आधी कमी कराल की ग्रँट?' हे ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. त्याच ईमेलमध्ये त्या 8,000 च्या स्कॉलरशिपला किती जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो आणि ती चारही वर्षं मिळणार का, हेही विचारून टाका.