जुना फोटो रंगवायचाय? मग या चुका टाळा

१९१०च्या आसपासचा, स्टुडिओत काढलेला एखादा कुटुंबाचा फोटो घ्या. बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, पुरुषांच्या पगड्याही जवळजवळ काळ्याच. रंगवणारा सरळ हिशेब करतो: करडा गडद, म्हणजे रंगही गडद. पगडी तपकिरी होते, कुंकवाच्या जागी काळी टिकली येते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काचेच्या प्लेट्स असत. त्यातल्या बहुतेक प्लेट्सना निळा रंग भरपूर दिसायचा, लाल मात्र जवळजवळ दिसतच नसे. लालही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट्स १९०६पासून मिळू लागल्या, पण सर्रास वापरात यायला बराच काळ गेला. त्यामुळे लाल पगडी काळी येते आणि निळं लुगडं फिकं. मुंबई पोलिसांची पिवळी पगडी असेल, तर तीही वाटते त्यापेक्षा गडद उमटते. त्वचेत लालसर छटा असते, म्हणून चेहरेही सावळे येतात. पणजोबांच्या वर्णावरून घरात चालणारे वाद निदान या फोटोंच्या आधारे तरी सोडवू नयेत!

आता फोटोशॉपमध्ये काय होतं पाहा. फोटोवर रंगासाठी वेगळा लेअर, म्हणजे थर, घेऊन त्याचा ब्लेंड मोड (तो खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते) ‘कलर’ ठेवला की खालच्या फोटोतला उजेड-अंधार तसाच राहतो, वरून फक्त रंग येतो. म्हणजे काळ्या पगडीवर लाल टाकला की काळपट मरून मिळतो, आणि लाल कितीही भडक केला तरी फारसा फरक पडत नाही. आधी पगडीपुरता मास्क करा (म्हणजे बाकीचा फोटो झाकून ठेवा), उजेड कमी-जास्त करणाऱ्या ‘कर्व्हज’ने तेवढाच भाग उजळा, घड्या दिसू लागल्या की मग लाल भरा. पांढऱ्याफटक उपरण्याची अडचण उलटी: तिथे रंग चढतच नाही. तो भाग किंचित गडद करा किंवा खालचा भाग गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ मोडचा लेअर वापरा. आणि ब्रश कितीही फिरवला तरी सगळं करडंच राहत असेल, तर फाइल ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त करड्या छटांच्या मोडमध्ये, अडकलेली आहे. मोड आरजीबी (रंगीत) करा.

एका क्लिकमध्ये फोटो रंगवून देणारी एआय टूल्स इथेच फसतात. खात्री नसली की ती मधलाच, मळकट तपकिरी रंग देतात. जुन्या ब्राह्मण घरातल्या फोटोत डोक्यावरून पदर घेतलेली केशवपन केलेली विधवा दिसली, तर अंगावर लाल आलवण, म्हणजे विधवांचं लाल लुगडं, असण्याची शक्यता दाट. हे टूलला कुठून कळणार? ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, ट्रंकेतली लुगडी उघडून बघावीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी तासभर घालवला तरी जुन्या वस्तूंचे खरे रंग डोळ्यांत बसतात.

तारखेकडेही लक्ष हवं. १९३०च्या सत्याग्रहाच्या फोटोतला झेंडा बरेच जण सवयीने केशरी-पांढरा-हिरवा रंगवतात. तेव्हाच्या चरख्याच्या झेंड्यात पांढरा, हिरवा आणि लाल पट्टा असे. केशरी आला १९३१मध्ये.

चेहरा मेणाचा वाटतोय? मग सगळीकडे एकच रंग फासला गेलाय. कान, नाक, गाल यांना थोडी लाली, कपाळाला पिवळसर छटा, दाढीच्या जागी किंचित निळसर करडा. त्यासाठी वेगवेगळे लेअर करा आणि प्रत्येकाची ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) कमी ठेवा. केसांच्या कडेला मास्क थोडा मऊ करा, नाहीतर टोप घातल्यासारखं दिसतं.

स्कॅन करताना ‘फोटो तर ब्लॅक अँड व्हाइट आहे’ म्हणून ग्रेस्केल निवडू नका. रंगीतच करा: ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), १६ बिट, फाइल टिफ प्रकारची. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात, त्यांना चॅनल म्हणतात. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. त्या लाल चॅनलवरून काम सुरू केलं की डाग पुसण्याची निम्मी मेहनत वाचते.

रंग भरण्यापलीकडे जाऊन चेहऱ्यावरचे भाव बदलणं मात्र माझ्या मते चूक नव्हे, गुन्हाच. २०२१मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो एका कलाकाराने रंगवले आणि काही जणांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आणलं. १९७०च्या दशकात कंबोडियावर राज्य करणाऱ्या ख्मेर रूजच्या त्या तुरुंगातून फारच थोडे लोक जिवंत बाहेर आले होते. कंबोडिया सरकारने निषेध केला आणि ते फोटो छापणाऱ्या वेबसाइटला लेख काढून टाकावा लागला.

काम झालं की नुसती जेपीजी ठेवून लेअर मिटवू नका. मूळ स्कॅन वेगळा ठेवा, लेअरसकटची फोटोशॉपची फाइल (पीएसडी) वेगळी. कुठला रंग पुराव्याचा आणि कुठला अंदाजाचा, ते लेअरच्या नावातच लिहा: ‘लुगडं – अंदाज’, ‘पगडी – काकांनी सांगितलं’. उद्या एखादी मावशी म्हणाली, “अगं, ते लुगडं हिरवं होतं,” तर एकच लेअर बदलावा लागेल.