पावसाळ्यात विंडोजचं अपडेट पुढे ढकला, बंद मात्र करू नका

खानापूर, जांबोटीकडे जुलैच्या पावसात करंट कधी जाईल याचा नेम नसतो. घरच्या डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर मशीन पुन्हा नीट सुरू होईलच असं नाही. लॅपटॉपवाल्यांना बॅटरी असल्याने ही धास्ती कमी.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडा, डावीकडे सगळ्यात खाली विंडोज अपडेट दिसेल. तिथे ‘पॉज अपडेट्स’समोर 1 ते 5 आठवडे निवडता येतात. मुदत संपली की आधी साचलेली अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. माझ्या मते आठवडाभर थांबावं. त्यात काही गडबड असेल तर तोवर बोभाटा होतो. महिनाभर मात्र ताणू नये, कारण त्याच मशीनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर त्या वायफायच्या माहितीत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, डेटा वाचतो.

‘ॲक्टिव्ह अवर्स’ने, म्हणजे सेटिंग्जमध्ये ठरवलेल्या कामाच्या वेळेने, अपडेट थांबत नाही, फक्त त्या वेळेत आपोआप होणारं रीस्टार्ट टळतं. मर्यादा 18 तासांची.

अपडेटची सर्व्हिसच कायमची बंद करून देतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. उघडीप मिळाली की दुपारी, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन अपडेट उरकून टाका.